सोमल, व्हिटॅमिन ए आणि एक बिघडलेला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर

ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आणि कॅन्सर या विषयावरचा कुठलाही रिव्ह्यू पेपर उघडा. पहिल्या दोन-तीन पानांतच 'अनड्रगेबल' हा शब्द भेटतो. अनड्रगेबल म्हणजे ज्याच्यावर औषध चालवता येत नाही असं प्रथिन. त्याची कारणंही आपल्याला पाठ असतात. ही प्रथिनं केंद्रकात असतात, डीएनएला किंवा एकमेकांना धरून बसतात, त्यांचा पृष्ठभाग बऱ्यापैकी सपाट असतो. एन्झाइमला असते तशी, औषधाचा छोटा रेणू जाऊन नीट बसेल अशी खाच त्यांना सहसा नसते. मग पुढे कुठेतरी येतं की टार्गेटेड थेरपीचं युग 2001 साली इमॅटिनिबपासून सुरू झालं, आणि इमॅटिनिब चालतं ते एका कायनेजवर, म्हणजे एन्झाइमवर. आपण हे वाचतो, नोट्समध्ये उतरवतो आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत बिनधास्त सांगून येतो.

यातलं रसायनशास्त्र ठीक आहे, इतिहास मात्र तपासून घ्यायला हवा. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन अमेरिकेत 1977 साली मंजूर झालं. ते ज्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला अडवतं, तो रिसेप्टर म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच. इमॅटिनिबच्या जवळजवळ पाव शतक आधीची ही गोष्ट. आणि इमॅटिनिबच्या आधीच आणखी एक कॅन्सर असा होता, ज्यात रोगाच्या मुळाशी असलेल्या बिघडलेल्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरवर एक नाही, दोन औषधं लागू पडली होती. दोन्ही औषधं सापडली तेव्हा ती कशावर काम करतात हे ती देणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. आज त्याच कॅन्सरबद्दल लिहितोय. नाव ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे एपीएल.

नव्याने येणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. जनुकं सगळ्या पेशींत सारखीच असतात, पण कुठलं जनुक कधी आणि किती वाचलं जाणार हे ठरवणारी प्रथिनं म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. रक्ताच्या मूळ पेशीपासून लाल पेशी घडणार की पांढरी, आणि पांढरी पेशी पूर्ण वाढ होऊन आपलं काम करून मरणार की अर्धवट अवस्थेतच अडकून वाढत राहणार, हे बरंचसं यांच्या हातात असतं. त्यामुळे कॅन्सरमध्ये ही प्रथिनं बिघडलेली सापडतात यात नवल नाही.

एपीएल हा वेगळा आजार आहे हे 1957 साली नॉर्वेच्या लाइफ हिलेस्टाड यांनी नोंदवलं. त्यांच्याकडे फक्त तीन रुग्ण होते. रक्तात प्रोमायलोसाइट, म्हणजे अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशींचा भरणा, जोडीला भयंकर रक्तस्राव, आणि काही आठवड्यांतच मृत्यू. ल्युकेमियाच्या प्रकारांत त्या काळी याच्याइतका झटपट जीव घेणारा दुसरा प्रकार नव्हता. या पेशींतल्या द्रव्यांमुळे रक्त गोठण्याची सगळी व्यवस्थाच कोलमडते. रुग्ण कॅन्सर वाढून नंतर मरण्याऐवजी आधीच मेंदूत किंवा फुप्फुसात रक्तस्राव होऊन मरतो. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी पुन्हा लागेल. 1970 च्या दशकात डॉनोरुबिसिन या केमोच्या औषधाने सुमारे निम्म्या रुग्णांत रोग तात्पुरता मागे जाऊ लागला, पण केमो पेशी फोडते, फुटलेल्या पेशींतून आणखी द्रव्यं बाहेर पडतात आणि रक्तस्राव आणखी चिघळतो. उपचारच जिवावर उठायचा.

1977 साली शिकागोच्या जॅनेट रावली यांनी एपीएलच्या पेशींत 15 आणि 17 क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते हे दाखवलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियातली 9 आणि 22 ची अदलाबदल ओळखणाऱ्या त्याच या रावली. तर 1977 मध्ये काय ठाऊक होतं? गुणसूत्रं कुठे तुटतात एवढंच. तिथे कुठलं जनुक आहे, याचा पत्ता नव्हता. तो लागायला आणखी 13 वर्षं जायची होती. आपण पाठ्यपुस्तकात 'टार्गेट सापडलं, मग औषध आलं' असा क्रम वाचतो. इथे त्या 13 वर्षांच्या मधोमधच औषध येऊन गेलं.

ते असं. 1980 साली अमेरिकेत ब्राइटमन आणि सहकाऱ्यांनी एचएल-60 या ल्युकेमियाच्या पेशींवर रेटिनॉइक ॲसिड टाकून पाहिलं. रेटिनॉइक ॲसिड म्हणजे शरीरात व्हिटॅमिन ए पासून तयार होणारा रेणू. पेशी मेल्या नाहीत. त्या मोठ्या झाल्या. म्हणजे अडकलेली वाढ पूर्ण करून त्या चांगल्या पांढऱ्या पेशींसारख्या दिसू लागल्या. कॅन्सरची पेशी मारायची नाही, तिला वयात आणायचं, ही कल्पना तेव्हा बऱ्याच जणांना आकर्षक वाटली आणि बहुतेकांना अव्यवहार्य.

शांघायच्या रुईजिन हॉस्पिटलमधले वांग झेन्यी यांनी ती गांभीर्याने घेतली. रेटिनॉइक ॲसिडची दोन रूपं औषध म्हणून चर्चेत होती. पाश्चात्त्य देशांत मुरुमांवरच्या औषधामुळे 13-सिस हे रूप हाताशी होतं, आणि ते एपीएलमध्ये देऊन पाहिलं गेलं तेव्हा निकाल काही धड लागत नव्हते. शांघायमध्ये त्वचारोगांसाठी बनत होतं ते ऑल-ट्रान्स रूप. वांग यांच्याकडे तेच होतं म्हणून त्यांनी तेच वापरलं. पुढे कळलं की या आजारात ऑल-ट्रान्सच जास्त चांगलं चालतं. विज्ञानाच्या इतिहासात 'काय उपलब्ध होतं' या प्रश्नाला आपण फारच कमी मार्क देतो असं माझं मत आहे.

1985 साली पहिली रुग्ण आली, पाच वर्षांची एक मुलगी. ती ज्या बालरुग्णालयात होती तिथे वांग यांच्या पत्नी रक्तविकारांच्या सल्लागार डॉक्टर होत्या. केमो होऊन गेली होती, ताप, रक्तस्राव, आशा जवळजवळ संपलेली. ऑल-ट्रान्स रेटिनॉइक ॲसिड, यापुढे आपण त्याला एट्रा म्हणू, तोंडावाटे सुरू केलं आणि मुलगी बरी होत गेली. तिचा रोग पूर्ण मागे गेला. 1988 साली 'ब्लड' या जर्नलमध्ये शांघायच्या गटाने 24 रुग्णांचा अनुभव छापला. त्यातल्या 8 जणांवर आधीची केमो चालली नव्हती. चोवीसच्या चोवीस जणांत रोग मागे गेला. एकाला जोडीला थोडी केमो लागली, बाकीच्यांना नुसत्या गोळ्या पुरल्या. दुष्परिणाम मुख्यतः ओठ आणि त्वचा कोरडी पडणं यांसारखे. ज्या आजारात केमोने रुग्ण डोळ्यांदेखत जायचे, त्यात हे वाचून जगभरच्या रक्तरोगतज्ज्ञांना सुरुवातीला विश्वास बसला नसेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमधल्या लोराँ देगो यांच्या गटाने शांघायशी हातमिळवणी केली आणि 1990 साली तिथेही तसेच निकाल छापून आले.

आता दुसरीकडे, या सगळ्याशी थेट संबंध नसलेलं एक काम चाललं होतं. 1987 साली फ्रान्समध्ये पिएर शाँबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स या दोघांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे रेटिनॉइक ॲसिडचा रिसेप्टर शोधला. हे प्रथिन इस्ट्रोजेन रिसेप्टरच्याच कुटुंबातलं निघालं. म्हणजे हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरच, पण एका हाताने डीएनए धरणारा आणि दुसऱ्या बाजूला रेटिनॉइक ॲसिड बसायला खाच असणारा. त्याचं जनुक, रार-अल्फा, होतं 17 क्रमांकाच्या गुणसूत्रावर.

इथे तुम्ही क्षणभर थांबून त्या काळातल्या संशोधकाच्या जागी उभे राहा. एपीएलमध्ये 17 वं गुणसूत्र तुटतं. एपीएल रेटिनॉइक ॲसिडने बरा होतो. रेटिनॉइक ॲसिडचा रिसेप्टर 17 व्या गुणसूत्रावर आहे. अंगावर काटा यावा अशी ही जुळवाजुळव आहे, आणि अर्थातच एकाच वेळी अनेकांनी तिकडे धाव घेतली. 1990 साली पॅरिसमधल्या युग द ते आणि आन देजाँ यांनी, लंडनमधल्या एलन सॉलोमन यांच्या गटाने आणि इतरांनीही दाखवलं की तुटण्याची जागा थेट रार-अल्फा जनुकातच आहे. 15 व्या गुणसूत्रावरचा जोडीदार तोवर अनोळखी होता. त्याला पुढे याच आजारावरून पीएमएल असं नाव पडलं. दोन जनुकं मध्येच तुटून एकमेकांना जोडली जातात आणि एक जोडप्रथिन तयार होतं: पीएमएल-रारा.

मग स्पष्टीकरण भराभर उभं राहिलं. साधा रार-अल्फा रेटिनॉइक ॲसिड नसताना जनुकं बंद ठेवतो. त्यासाठी तो एनकोर आणि स्मर्ट या प्रथिनांना बोलावतो, ती हिस्टोन डीअसेटिलेज घेऊन येतात आणि डीएनए घट्ट गुंडाळून ठेवला जातो. रेटिनॉइक ॲसिड आलं की ही मंडळी उठून जातात, जनुक उघडतं, पेशी पुढच्या अवस्थेत जाते. पीएमएल-रारा या मंडळींना इतकं घट्ट धरून ठेवतं की शरीरात नेहमी असणारं नॅनोमोलर पातळीचं रेटिनॉइक ॲसिड पुरत नाही. औषध म्हणून दिल्यावर पातळी मायक्रोमोलरच्या घरात जाते, तेव्हाच पकड सुटते. म्हणून शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे रोज 45 मिलिग्रॅम एट्रा. 1998 साली 'नेचर'मध्ये याचे पेपर आले.

या कथेला एक सुंदर पुरावाही मिळाला. 1993 साली शांघायमध्ये चेन झू यांच्या गटाने एपीएलचा एक विरळा उपप्रकार शोधला. त्यात रार-अल्फा तोच, पण जोडीदार पीएमएलऐवजी पीएलझेडएफ नावाचं प्रथिन. या रुग्णांवर एट्रा नीट चालत नाही. कारण पीएलझेडएफ स्वतःच त्या दाबून ठेवणाऱ्या मंडळींना धरतं, त्यामुळे रार-अल्फाने हात सोडला तरी दार बंदच राहतं. निसर्गानेच लावून दिलेला कंट्रोल म्हणा ना. जर्नल क्लबमध्ये एपीएल घेणार असाल तर हा उपप्रकार सोडू नका, सगळ्यात चांगले प्रश्न इथूनच निघतात.

तर कथा अशी पक्की झाली: ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरने पेशीची वाढ अडवली, औषधाने अडथळा काढला, पेशी मोठी झाली आणि मेली. या उपचाराला 'डिफरन्सिएशन थेरपी' हे नाव मिळालं. तुमच्याही पाठ्यपुस्तकात हेच असेल.

पण एक गोष्ट पहिल्यापासून खटकत होती. नुसत्या एट्रावर ठेवलेल्या बहुतेक रुग्णांचा रोग काही महिन्यांत परत येत होता. पेशी मोठ्या होत होत्या, रक्त स्वच्छ दिसत होतं, तरी कुठेतरी मूळ शिल्लक राहत होतं. एट्राच्या जोडीला केमो दिली की मात्र बरेच रुग्ण कायमचे बरे व्हायचे. 1990 च्या दशकात तोच उपचार रूढ झाला आणि तो चांगलाच होता. पण मग वाढ पूर्ण होणं हाच बरं होण्याचा मार्ग असेल, तर सगळ्या पेशी मोठ्या झाल्यावरही रोग परत का येतो?

याचं उत्तर ज्या औषधातून निघालं ते विष म्हणून आपल्या ओळखीचं आहे. सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड.

आर्सेनिक औषधात नवीन नाही. इंग्लंडच्या थॉमस फाउलर यांनी 1786 साली पोटॅशियम आर्सेनाइटचं द्रावण प्रचारात आणलं, आणि 1865 मध्ये जर्मनीत ते ल्युकेमियावरही वापरलं गेलं. आपल्याकडे सोमल, हरताळ आणि मनशीळ हे तिन्ही आर्सेनिकचेच, शोधन करून वापरायचे अशी परंपरा. (जाता जाता: पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत, 'हरताळ फासणे' आलं ते तिथून.) पण परंपरेत होतं म्हणजे सिद्ध झालं असं होत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. परंपरेतली आर्सेनिकची औषधं शेकडो आजारांवर दिली जायची आणि त्यातल्या कितीतरी रुग्णांना त्यातून विषबाधाच झाली असणार. फरक पडला तो पुढच्या पायरीने.

ती पायरी चीनच्या ईशान्येकडच्या हार्बिन शहरात घडली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयातले झांग तिंगदोंग आणि औषधनिर्माते हान तायुन यांच्यापर्यंत एक गावठी नुस्खा पोचला. त्यात सोमल होता, पाऱ्याचा क्षार होता आणि बेडकाच्या जातीतल्या एका प्राण्याचं विष होतं. त्यांनी त्याचं इंजेक्शन बनवलं, रुग्णांना दिलं आणि मग एकेक घटक वगळून पाहिला. गुण आर्सेनिकमध्ये आहे हे कळलं. कुठल्या रुग्णांना गुण येतो हेही पाहिलं, आणि ल्युकेमियाच्या सगळ्या प्रकारांत एपीएलचे रुग्ण उठून दिसले. जीवशास्त्राचं प्रगत ज्ञान, महागडी यंत्रं यांपैकी फारसं काही हाताशी नसताना केलेलं हे काम मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिस्तीचं काम वाटतं. एक घटक काढा, पुन्हा बघा. पण ते चिनी भाषेतल्या नियतकालिकांत छापलं गेल्यामुळे बाहेर जवळजवळ कोणी वाचलं नाही.

1990 च्या दशकाच्या मध्यावर हार्बिन आणि शांघाय एकत्र आले. 1997 साली एट्रानंतर रोग परतलेल्या 15 रुग्णांचा अहवाल 'ब्लड'मध्ये आला. नुसतं आर्सेनिक दिलेल्या 10 पैकी 9 जणांत रोग पुन्हा मागे गेला होता, जोडीला इतर औषधं मिळालेल्या पाचही जणांत गेला होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 12 रुग्णांवर प्रयोग झाला, 11 जणांना गुण आला. सप्टेंबर 2000 मध्ये अमेरिकेने आर्सेनिक ट्रायऑक्साइडला औषध म्हणून मान्यता दिली. इमॅटिनिबच्या आठ महिने आधी.

आणि आता गंमत बघा. आर्सेनिक रार-अल्फाला हातही लावत नाही. ते जोडप्रथिनाचं दुसरं टोक, म्हणजे पीएमएल, धरतं. पीएमएलमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लांना आर्सेनिक थेट चिकटतं हे 2010 साली 'सायन्स'मध्ये छापून आलं. त्याआधी 2008 मध्ये पुढची साखळी उलगडली होती: आर्सेनिक आल्यावर पीएमएलवर सुमो नावाच्या छोट्या प्रथिनाचे शिक्के बसतात, ते शिक्के वाचून आरएनएफ-4 हे एन्झाइम त्यावर युबिक्विटिन लावतं, आणि पेशीची कचरा विल्हेवाट यंत्रणा, म्हणजे प्रोटिओसोम, अख्ख्या पीएमएल-राराचा चुरा करते. औषध प्रथिनाचं काम थांबवत नाही, प्रथिनच नाहीसं करतं. शब्दशः हरताळ.

मग संशोधकांनी एट्राकडे पुन्हा वळून पाहिलं. एट्रासुद्धा, पुरेशा मात्रेत, पीएमएल-राराचा नाश घडवतं हे माहीत होतं, पण तो जोडपरिणाम समजला जात होता. युग द ते यांच्या गटाने 2008 ते 2014 या काळात उंदरांवर हे दोन परिणाम वेगळे करून दाखवले. कमी मात्रेत एट्रा दिलं तर पेशींची वाढ पूर्ण होते, पण रोगाचं मूळ असलेल्या पेशी उरतात. रिसेप्टर चालू करणारे पण प्रथिनाचा नाश न घडवणारे कृत्रिम रेटिनॉइड दिले तरी तेच: पेशी मोठ्या झाल्या, रोग परतला. प्रथिन नष्ट झालं तरच रोग मुळापासून गेला. त्याचं कारणही पुढे आलं. निरोगी पीएमएल केंद्रकात छोटे गोल पुंजके करून राहतं, पीएमएल-रारा ते पुंजके विस्कटून टाकतं. जोडप्रथिन गेलं की पुंजके पुन्हा जमतात, त्यातून पी-53 जागा होतो आणि मूळ पेशींची स्वतःला पुन्हा पुन्हा निर्माण करण्याची ताकद संपते.

म्हणजे 'डिफरन्सिएशन थेरपी' हे नाव ज्या उपचाराला दिलं, त्यात डोळ्यांना दिसणारी वाढ खरी होती, पण बरं करणारी गोष्ट दुसरीच होती. औषध बरोबर, नाव अर्धवट. सूक्ष्मदर्शकाखाली वाढ दिसते, प्रथिनाचा नाश दिसत नाही, म्हणून सगळे वीस वर्षं वाढीकडे बघत राहिले. तुम्ही उद्या एखाद्या रेणूचा परिणाम मोजाल तेव्हा जे मोजणं सोपं आहे तेच कारण म्हणून लिहिण्याचा मोह होईल. तेव्हा ही वीस वर्षं आठवा.

इथे एक शंका तुमच्या मनात यायलाच हवी: उंदरांचं ठीक, माणसात आर्सेनिक खरंच पीएमएलवरच चालतं कशावरून? याचं उत्तर रुग्णांनीच दिलं. ज्यांच्यावर आर्सेनिक चालेनासं झालं त्यांच्यापैकी काहींच्या पीएमएल-रारामध्ये नवे उत्परिवर्तन सापडले, आणि ते नेमके आर्सेनिक जिथे चिकटतं त्या भागाजवळ होते. ज्यांच्यावर एट्रा चालेनासं झालं त्यांच्यापैकी काहींत ते रार-अल्फाच्या खाचेच्या भागात होते. दोन औषधं, एकाच प्रथिनाची दोन टोकं, आणि प्रत्येकाचा प्रतिकार आपापल्या टोकाला. औषधाचं खरं लक्ष्य कोणतं याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. थिसिसमध्ये 'हा रेणू या प्रथिनावर काम करतो' असं लिहायच्या आधी स्वतःला विचारा की प्रतिकार करणाऱ्या पेशींत ते प्रथिन बदललेलं सापडेल का.

भारताचा या गोष्टीत मोठा वाटा आहे आणि आपल्याकडे तो फारसा सांगितला जात नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये विक्रम मॅथ्यूज, मॅमन चंडी आणि सहकाऱ्यांनी 1998 पासून नव्याने निदान झालेल्या एपीएलच्या रुग्णांना पहिल्या दिवसापासून आर्सेनिक दिलं. एट्रा आणि केमो यांचा एकत्र खर्च बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर होता, आर्सेनिक स्वस्त होतं. 2004 अखेरपर्यंतच्या 72 रुग्णांचा अहवाल त्यांनी 2006 साली छापला: 86 टक्के रुग्णांत रोग पूर्ण मागे गेला, आणि तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाणही जवळपास तेवढंच. श्रीमंत देशांत तेव्हा आर्सेनिक हे रोग परतल्यावर द्यायचं औषध होतं. वेल्लोरने गरिबीमुळे जो प्रश्न विचारला तो विज्ञानाच्या दृष्टीनेही अचूक होता: केमोची गरज आहे तरी का?

2013 साली फ्रांचेस्को लो-कोको यांच्या नेतृत्वाखालच्या इटली आणि जर्मनीतल्या चाचणीने यावर शिक्कामोर्तब केलं. कमी आणि मध्यम धोक्याचे रुग्ण, एका गटाला एट्रा आणि केमो, दुसऱ्याला एट्रा आणि आर्सेनिक. दोन वर्षांनी रोग न परतता किंवा दुसरी अडचण न येता असलेल्यांचं प्रमाण केमोच्या गटात 86 टक्के, आर्सेनिकच्या गटात 97 टक्के. 1957 मध्ये काही आठवड्यांत जीव घेणारा ल्युकेमिया केमोशिवाय बरा होऊ लागला. चीनमध्ये तर आता मनशिळेवर आधारलेलं तोंडावाटे घ्यायचं औषधही वापरात आहे.

मग 'अनड्रगेबल'चं काय करायचं? एपीएल बरा झाला म्हणून सगळे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर आटोक्यात आले असं मी म्हणणार नाही. एपीएलचं नशीब असं की एकाच प्रथिनाला दोन्ही टोकांना धरायला जागा होती, आणि सगळा आजार त्या एकाच प्रथिनावर उभा होता. मुलांच्या हाडांत होणाऱ्या युइंग सार्कोमातही असंच जोडप्रथिन असतं, ते 1992 साली सापडलं. त्याला अशी सोयीची मूठ नाही आणि त्याच्यावर थेट चालणारं मंजूर औषध नाही. मिक तर कितीतरी कॅन्सरांत वाढलेला असतो, तरी तीच कथा. पण जिथे दार उघडलं तिथे ते कसं उघडलं ते बघा. थॅलिडोमाइडच्या कुळातलं लेनालिडोमाइड मायलोमावर 2006 पासून दिलं जातंय. ते इकारोस आणि आयोलोस हे दोन ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर कचऱ्यात पाठवतं हे कळलं 2014 साली. पुन्हा आधी औषध, पुन्हा नाश. याच्या उलट किडनीच्या कॅन्सरमधल्या हिफ-2 अल्फाचं उदाहरण आहे. डॅलसच्या संशोधकांना त्याच्या पोटात एक लपलेली पोकळी दिसली, तिथे बसेल असा रेणू घडवत घडवत बेल्झुटिफान तयार झालं आणि ते 2021 मध्ये मंजूर झालं. तिथे क्रम पाठ्यपुस्तकासारखाच आहे, आधी टार्गेट. दोन्ही रस्ते खरे आहेत. मात्र 'या प्रथिनाला खाच नाही' हे वाक्य आपण ज्या अवस्थेत त्याची रचना पाहिली त्या अवस्थेपुरतंच असतं, हे हिफ-2 अल्फा सांगतं. आणि खाच नसली तरी नाश करता येतो, हे आर्सेनिक.

आर्सेनिक अजून संपलेलंही नाही. 2021 साली शांघायच्याच रुईजिन हॉस्पिटलमधून एक पेपर आला: पी-53 ची काही उत्परिवर्तित रूपं, ज्यांची घडीच बिघडलेली असते, त्यांतल्या सिस्टीनना धरून आर्सेनिक घडी पुन्हा नीट बसवू शकतं. प्रयोगशाळेतला हा निकाल रुग्णांत किती उतरेल ते चाचण्याच ठरवतील. या विषयावर प्रपोजल लिहायचं मनात असेल तर हा पेपर मुळातून वाचा, ॲबस्ट्रॅक्टवर थांबू नका.

आता सुरुवातीचा रक्तस्रावाचा मुद्दा. एट्रा आणि आर्सेनिक असूनही एपीएलचे रुग्ण आज दगावतात, आणि त्यांतले बरेचसे पहिल्या काही दिवसांत, निदान पक्कं व्हायच्या आत. पीएमएल-राराची जनुकीय तपासणी छोट्या गावात होत नाही, नमुना शहरात पाठवावा लागतो, रिपोर्टला वेळ लागतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की रक्ताच्या काचपट्टीवर त्या पेशी दिसल्या, आत काड्यांची मोळी बांधल्यासारखे आउअर रॉड दिसले आणि नुसता संशय आला, तरी एट्राची पहिली गोळी लगेच द्यायची. जनुकीय रिपोर्ट नंतर येईल. तो वेगळा आला तर गोळी थांबवता येते.